चाळीस वाघिणी आणि एक घाट

सायकलच्या चेनला तेल घातलं की त्या वासानं मला ओसाकातलं एक पार्क आठवतं. कंपनीनं पहिल्यांदाच जपानला पाठवलं होतं, रविवारी करमायचं नाही. तिथे दोरीआड मालगाडीचं जुनं वाफेचं इंजिन उभं होतं आणि एक रिटायर्ड ड्रायव्हर आजोबा ते पुसत होते. इंजिनाच्या प्लेटवर ते जिथे बनलं त्या गावाचं नाव, ग्लासगो. म्हणजे आमच्या गावच्या शेडमधल्या इंजिनाचं सख्खं भावंड, गावच्या त्या इंजिनाच्या भट्टीत माझे बाबा कोळसा मारायचे. मला वर चढायचंच होतं. मोडक्या जपानीत विचारलं, तर आजोबांनी हात आडवा हलवला. मग मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या घेणारी झुकझुक तोंडानं काढली, शिट्टीसकट. आजोबा म्हणाले, "ही पॅसेंजर झाली. या इंजिनामागे माल असायचा." बाबाही हेच म्हणायचे आणि मी म्हणायचो, मालगाडीला टाळ्या कोण देतं? पण या वेळी मी तोंडाच्या आवाजानंच मालाच्या डब्यांच्या चाळीस वाघिणी ओढत घाट चढलो. मध्येच चाकं घसरवली, दम खाल्ला, पुन्हा हळूहळू ओढ घेतली. आजोबांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि दोरी सोडली. आता बाबांना फोनवर तोच आवाज ऐकवतो. ते अजून चुका काढतात, "घसरतंय रे, रुळावर वाळू टाक."