थर्मास घेऊन आलेला प्रेक्षक

जनूकाका गेल्याचा फोन शुक्रवारी सकाळी आला, त्यांच्या खोलीतल्या मित्राचा. रात्री छातीत दुखतंय म्हणाले, सकाळी उठलेच नाहीत... दुपारी ते जेवायला येणार म्हणून आईने सुरमईला मीठ-हळद लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी शारजातल्या मराठी मंडळींत मान असलेले एक गृहस्थ भेटायला आले आणि चहा घेता घेता बाबांना म्हणाले, "बॅचलरच होते ना? मग मागे तसं काही नाही." मागे गुहागरजवळच्या गावात बायको आहे, दोन मुलगे आहेत, लग्नाची मुलगी आहे. पण इथे ज्याची बायको-मुलं सोबत राहत नाहीत तो प्रत्येक कामगार बॅचलर. केस पिकले तरी बॅचलर, आजोबा झाला तरी बॅचलर. मी पाहुण्यांसमोर फारशी बोलत नाही. पण तो शब्द मी तेव्हापासून विसरलेले नाही.

जनूकाका बाबांचे गाववाले. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते, तिथल्याच कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचे आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. मी कॉलेजात बास्केटबॉलच्या संघात गेले तेव्हा जेवणानंतर आमच्याबरोबर सामन्यालाही येऊ लागले. संघात गेले म्हणजे बाकावर गेले. इथल्या खाजगी कॉलेजांची ती स्पर्धा. मोठा एसी हॉल, चकचकीत लाकडी जमीन, शेकडो निळ्या खुर्च्या आणि त्यांवर बसलेले मूठभर आईबाप. दारावर पाटी होती, 'फॅमिलीज ओन्ली'. मुलींचे सामने म्हणून एकट्या पुरुषांना आत सोडत नसत. त्यामागचं कारण मला कळत होतं, आजही कळतं. पण दारावरचा गार्ड माणसाची नजर बघत नव्हता, चपला बघत होता.

पहिल्या वेळी त्याने काकांना अडवलं. "फॅमिली?" आईने हातातला चहाचा थर्मास पटकन काकांकडे दिला आणि म्हणाली, "हमारे साथ है." थर्मास धरलेल्या माणसाकडे गार्डने एकदा पाहिलं आणि बाजूला झाला. त्यानंतर गाडीतून उतरताच काका हात पुढे करायचे. "वहिनी, द्या माझा पासपोर्ट." आईबाबांना यायला जमत नसे अशा दिवसांसाठी त्यांनी स्वतःचा एक थर्मास घेतला, लाल, त्यावर पांढरी फुलं. तो हलवत, अगदी घाईत असल्यासारखे ते एकटेच आत शिरायचे. गार्डला सांगायचे, "फॅमिली अंदर है भाई, चाय ठंडा होता है." थर्मास रिकामा असायचा. काका चहाच पीत नव्हते.

बास्केटबॉल त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. त्यांचा जीव कबड्डीत. कोणी चेंडू घेऊन धावली की ते पुटपुटायचे, "पकड, पकड, पायाला धर." माझा भाऊ रोहन कपाळावर हात मारायचा. "काका, that's a foul." "मग असू दे फाऊल, पण धर." मात्र मोठ्याने ते कधी ओरडले नाहीत. मला सांगायचे, "बाय, तू उतरलीस की ओरडणार. तोवर गळा राखून ठेवलाय." आणि मी काही उतरत नव्हते. सामना संपला की विचारायचे, "आज पण शीट गरम केलीस?"

उपांत्य फेरीला मोठे पाहुणे येणार होते, कॅमेरे येणार होते. खुर्च्या नेहमीसारख्या रिकाम्या. मग आयोजकांनी काय करावं? इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पांवर बसगाड्या पाठवल्या. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, करत माणसं भरली, प्रत्येकाला पिवळी टोपी दिली आणि पुढच्या रांगांत आणून बसवलं. तोच हॉल, त्याच मुली, तेच सामने. त्या दिवशी पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. हे मी स्वतः पाहिलं आहे. एक माणूस पुढे उभा राहून हात वर करी, तसे सगळे टाळ्या वाजवत. त्या टोप्यांमध्ये जनूकाका दिसले आणि मी बाकावरून हात हलवला. सामन्यानंतर म्हणाले, "आज थर्मास लागला नाय. आज आपण पाव्हणे."

आम्ही जिंकलो. पुढच्या शुक्रवारी अंतिम सामना. आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला आणि सरांनी सांगितलं, मला खेळायचं आहे. आई तापाने पडून होती, रोहन तिच्याजवळ, बाबांची दुबईत ड्यूटी. माझं म्हणून बघायला येणारं एकच माणूस होतं. फोनवर त्यांना सांगितलं तर आधी सामन्याची वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "येतो. इस्त्रीचा शर्ट घालतो."

अंतिम सामन्याला बक्षिसांची सोडत होती, त्यामुळे कुटुंबं लोटली होती. पाटी पुन्हा दारावर. मी कोर्टवरून दाराकडे बघत राहिले, मग मधल्या वेळात सरांना न विचारता दाराशी गेले. गार्ड नवा होता. त्याने थर्मास उघडून पाहिला होता. "मॅडम, ये खाली थर्मास लेके फॅमिली बोलता है," असं मलाच हसत सांगत होता. मी म्हटलं, माझे काका आहेत. शेजारी उभ्या असलेल्या आयोजकाने माझी आणि त्यांची आडनावं विचारली, ती वेगळी निघाली तसा म्हणाला, "सॉरी, बॅचलर्स नॉट अलाऊड." याच माणसाने आदल्या शुक्रवारी टोप्या वाटल्या होत्या. तसं मी त्याला म्हटलंही. त्याने ऐकलं नाही. काकांनी बाहेरूनच सांगितलं, "बाय, तू जा. खेळ. भांडण मागून करू."

मी खेळले. एक बास्केटही केली. आम्ही हरलो. बाहेर आले तर काका एसीच्या धडधडणाऱ्या मशीनजवळ उभे होते, इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला, आवाज पार बसलेला. "माइकवर तुझं नाव घेतलं," ते म्हणाले. "तोडूनमोडून घेतलं, पण मी ओळखलं. ओरडलो. राखलेला गळा घरी कशाला न्यायचा?"

वर्षअखेरीला कॉलेजने गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली. त्यात अर्धं पान भरून पिवळ्या टोप्यांचा फोटो, पुढच्या रांगेत जनूकाका हसताहेत, आणि खाली इंग्रजीत ओळ: आमच्या खेळाडूंची अभिमानी कुटुंबं. ती पुस्तिका पुढची काही वर्षं नव्या मुलांच्या आईबापांना वाटत होते. खुर्ची भरायची तेव्हा कुटुंब, खुर्चीवर बसायचं म्हटलं की बॅचलर. काका मात्र फोटो बघून खूश झाले, एक प्रत गावी पाठवली. मला त्याचाही राग आला होता. त्यांच्यावर नव्हे... त्यांना एवढ्यावर खूश व्हावं लागलं, याचा.

काका गेले तेव्हा त्यांना घरी पाठवण्याचे सोपस्कार बाबांनी केले. विमानतळाच्या मालवाहू गेटवर कोणीतरी विचारलं, "आप फॅमिली हैं?" बाबा हो म्हणाले. तिथे आडनाव कोणी विचारलं नाही.

काकांचा लाल थर्मास आमच्याकडेच राहिला होता. रोहन आता त्याच स्पर्धेत मुलांच्या संघातून खेळतो. गेल्या शुक्रवारी मी त्याचा सामना बघायला गेले तेव्हा थर्मास बरोबर घेतला. मला कोणी अडवलं नाही. मी एका कडेला बसले आणि शेजारच्या खुर्चीवर तो ठेवला. खुर्च्या अजून रिकाम्याच असतात. थोड्या वेळाने गळ्यात कार्ड अडकवलेला एक तरुण आला. "मॅडम, प्लीज, सेंटरमध्ये येता का? फोटोत क्राउड दिसायला हवा."

"नाही," मी म्हटलं.

त्याने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "इथे कोणी आहे का?"

"फॅमिली," मी म्हटलं, आणि थर्मासवरून हात काढला नाही.