भेगेची माती

आमच्या ऑफिसात एरवी दगडांना कुणी विचारत नाही, पण पाहुणा येणार म्हटलं की त्यांनाही आंघोळ घालतात.

कळमन्याच्या बाजारामागे आमचं गोदाम आहे. कोळसा शोधायला बोअर मारताना निघालेले दगडाचे लांबट तुकडे तिथे लाकडी पेट्यांत ठेवतात, जमिनीत होते त्याच क्रमाने. मिरचीची आवक असली की शिंकत शिंकत कोट्यवधी वर्षं वाचायची.

आमच्या भागातला कोळसा एका खचलेल्या खोऱ्यातला. जमीन दोन्हीकडे ताणली गेली, मधली खाली बसली आणि नद्यांनी ती वाळूने, झाडपाल्याने भरली. आमच्या वरिष्ठांना हे खोरं परातीसारखं हवं असतं, काठ सारखे आणि तळ सपाट. दोन बोअरमधला कोळशाचा थर ते फूटपट्टीने जोडतात आणि रेघ सरळ आली की खूश होतात. पण हे खोरं एका टोकाला उत्तरेकडून खचलंय, दुसऱ्या टोकाला दक्षिणेकडून. जिथे बाजू बदलते तिथे मोठी भेग असणार, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत होते आणि ते चहा ढवळत होते. नव्या खाणीचा बोगदा नेमका तिथूनच जाणार होता. अशा भेगेत पाणी साठलेलं असतं, आणि आत माणसं उतरणार होती.

शेवटी एकदाचा तिथे बोअर मारला. पेटीत हातभर काळी, चिरडलेली माती आली, भेगेत दगडावर दगड घासून होते तशी. आनंदाने मला रडूच कोसळलं.

मग मोठे साहेब येणार असल्याची बातमी आली. मी फील्डवर असताना वरिष्ठांनी गोदामाची सफाई उरकून घेतली. पेट्यांना रंग दिला, दगड पाइपने धुतले, अखंड तुकडे एकाला एक भिडवून छान मांडले. परत येऊन पाहते तर माझी माती गायब.

"तो चिखल होता नं मॅडम," वरिष्ठ म्हणाले. "कुंड्यांत टाकला. झेंडूले कामी आला. तुम्ही काहून इतकं मनाले लावून घेऊन राहिल्या?"

मोठ्या साहेबांनी चकचकीत पेटी पाहिली आणि मान डोलावली.

"सलग खडक आहे की. मॅडमच्या रिपोर्टातली भेग कुठे आहे?"

"बाहेर, दारातल्या कुंडीत," मी म्हणाले.

ते मनापासून हसले. मग वरिष्ठही हसले, कारण साहेब हसले होते. इतक्या शिकलेल्या माणसांची मला इतकी किळस कधी आली नव्हती. संध्याकाळी खाणीच्या नकाशावर सरळ रेघ मारून दोघांनी सह्या केल्या.

मी दारातली एक कुंडी उचलून स्कूटीवर पायांशी ठेवली. शेणखतात कालवलेल्या त्या मातीतून आता काहीच सिद्ध होणार नव्हतं, हे मला कळत होतं.

"न्या, न्या," वरिष्ठ पायरीवरून म्हणाले. "झेंडू आवडला, असं सांगायचं नं पहिलेच!"