कॅप्टनआंटींचे खापरपणजोबा

चेन्नईत आल्यावर मला पहिल्यांदा मराठीत कोणी झापलं असेल, तर ते कॅप्टनआंटींनी. एग्मोरच्या भाड्याच्या घरात मी सामान लावत होते. नळ चालूच राहिला आणि खालच्या खिडकीतून आवाज आला, "वर कोन झोपून राह्यलं गं? पानी चाललं ना वाहून!" धावत खाली गेले, तर दारात फुलाफुलांचा फ्रॉक, बारीक कापलेले पांढरे केस आणि घारे डोळे. मी चाट पडले. "अशी काहून पाहते? आईशी फोनवर बोलत होती ना, तवाच वळखलं मी."

आंटी अँग्लो-इंडियन. वडील भुसावळला रेल्वेत मेल-ड्रायव्हर. शेजारपाजारच्या ओट्यांवर ज्या मराठीत खेळल्या-भांडल्या, तीच पंचाहत्तरीतही जशीच्या तशी होती. तमिळही तितकंच खणखणीत. कोणाशीही वाद झाला की तो एकाच वाक्यावर संपायचा. मासळीवाली असो नाहीतर रिक्षावाला, आंटी मान ताठ करून म्हणायच्या, "नांग कॅप्टन वीट्टुकारंग!" आम्ही कॅप्टनच्या घरातले! त्यांचे खापरपणजोबा इंग्लंडहून कॅप्टन म्हणून मद्रासला उतरले, अशी घरातली पिढीजात समजूत. सारी गल्ली त्यांना कॅप्टनआंटीच म्हणायची.

या कॅप्टनपायी आंटींचं लग्न मोडलं होतं. ते त्या वाटाणे सोलता सोलता, दुसऱ्याच कोणाची गंमत सांगावी तसं सांगायच्या. "वसंता लोको शेडमधी फायरमन होता, इंजनात कोळसा टाके. सगळा काळा, दात तेवढे पांढरे. डॅडी म्हने, कॅप्टनचं रक्त कोळशात नाही घालनार. पुढच्याच गाडीनं मले मद्रासला मावशीकडे धाडून दिलं." मग टायपिस्टची नोकरी, मग निवृत्ती. पुन्हा लग्नाचं नाव नाही. वसंतरावांचा मात्र संसार झाला. नव्या वर्षाला त्यांचं एक छापील कार्ड यायचं, खाली फोन नंबर. आंटी ते कपाटाला चिकटवायच्या. फोन कधीच करत नसत. "डॅडीचं बी चुकलं नाही गं," म्हणायच्या. "कॅप्टनचं घरानं पडलं ना!"

ऑस्ट्रेलियातल्या भाचीला घराण्याची वंशावळ हवी झाली, तेव्हा आंटींना चेवच चढला. घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर खापरपणजोबांचं नाव होतं, जॉर्ज पिल्बीम, आणि खाली गावाचं, लोअर हॅम्बरी. इंग्लंडात दर दहा वर्षांनी होणाऱ्या शिरगणतीचे जुने कागद आता घरबसल्या कॉम्प्युटरवर बघता येतात, हे मी सांगितलं आणि माझे सगळे रविवार गेले. दुपारी जेवण झालं की आंटी हातात भिंग घेऊन वर हजर. स्क्रीनला भिंग लावू नका, अक्षरं मोठी करता येतात, हे मी चार वेळा सांगून पाहिलं.

गाव मिळालं. पंचवीस-तीस घरं. प्रत्येक घरातलं माणूस न् माणूस रकान्यात बसवलेलं: नाव, नातं, वय, धंदा. आंटी एकेका घरात शिरून चौकशी करायच्या. "हे पाय, लोहाराची सासू त्याच्याकडेच राहते. बिचारा!" एका रविवारी पिल्बीम सापडले. बाप शेतमजूर, पोरं सात, चौथा जॉर्ज, वय नऊ. धंद्याच्या रकान्यातलं अक्षर मी दोनदा मोठं करून पाहिलं.

"वाच ना गं!"

"आंटी... डुकरं राखणारा."

"लहान होता. मंग मोठा झाला असंल."

दहा वर्षांनंतरचा कागद काढला. जॉर्ज आता एकोणीस वर्षांचा, पलटणीच्या बराकीत. साधा शिपाई. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: कॅप्टनचा नोकर.

आंटींनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, आता या रडणार. खांदे हलू लागले, फ्रॉकवरची फुलं हलू लागली आणि आंटी जे हसत सुटल्या ते खुर्चीतून घसरून जमिनीवर बसल्या. "होता ना गं कॅप्टन! होताच! आमचा नव्हता, येवढंच!" मीही त्यांच्या शेजारी फतकल मारून हसत बसले. जरा दम खाऊन त्यांनी डोळे पुसले. "डॅडी असते ना, तर पयले भांडले असते. खूप भांडले असते. मंग हसले असते."

"भाचीला काय कळवायचं?"

"हाय ते. आन् आता तुझा फोन दे मले."

कार्ड आणायला त्या खाली गेल्या नाहीत. नंबर पाठ होता.

"वसंता? डोरीन बोलून राह्यली, भुसावळची. अरे, तो कॅप्टन आमचा नव्हताच! आमचा डुकरं राखत होता रे, डुकरं!"

पलीकडून खरखरीत आवाज आला, "मंग हे सांगाले येवढी वर्सं लावली काय तू?"

बायको गेल्यापासून वसंतराव भुसावळला एकटेच राहत होते. भरीत करतो, ये म्हणाले. आंटी आठ दिवसांसाठी निघाल्या. सेंट्रलवर भुसावळवरून जाणाऱ्या अहमदाबादच्या गाडीत त्यांना बसवून दिलं तेव्हा समोरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" आंटी ऐटीत म्हणाल्या, "आम्ही लोअर हॅम्बरीचे. डुकरं राखनारे!" बाईंनी आपला डबा जवळ ओढून घेतला.

आठाचे चाळीस दिवस झाले. आंटी परतल्या त्या घर सोडायला. भांडी मला दिली, भिंग मला दिलं, गालाचा मुका घेतला आणि गेल्या. त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर खालची खिडकी बंद होती. नळ उगीच थोडा वेळ चालू ठेवून बसले.

परवा भुसावळहून फोन आला. "पोरी, जेवली काय?" एवढं विचारून होतंय तोवर मागून वसंतराव ओरडले, भरतात मिरच्या किती घातल्या म्हणून. आंटी ओरडल्या, सात. ते म्हणाले, मी मोजून अकरा ठेवल्या होत्या. मग चार मिरच्या कुठे गेल्या यावरून जी जुंपली, ती थांबेना. मी फोनवर आहे, हे दोघंही विसरले. मी बराच वेळ ऐकत बसले आणि मग हलकेच फोन ठेवून दिला.