बाहेरून लावलेलं कुलूप

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. अंबडला कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे, मोजून बघितल्याशिवाय कशावर सही करत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण पोटात ठेवणंही जमेना.

गेल्या वर्षी पंडित कॉलनीतल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने जागा घेतली. जाहिरातीत 'स्टुडिओ अपार्टमेंट'. आमच्या घोटीत त्याला सरळ खोली म्हणतात! कोपऱ्यात ओटा, गजांची एक खिडकी, दाराला बाहेरून जाड लोखंडी कडी. गल्ली अगदी शांत. मजल्यावर आमच्याशिवाय कोणी नाही.

सोबत आई. तिला हल्ली काही लक्षात राहत नाही. घोटीला एकदा भाजी आणायला म्हणून निघाली ती थेट हायवेवर सापडली. म्हणून कामाला जाताना मी बाहेरून कडी घालायचे. नावं ठेवू नका, दुसरं काय करणार होते?

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी आले, तर कडी उघडी! दार नुसतं लोटलेलं. आई कॉटवर बसलेली.

"कोणी उघडलं गं?"

"ती बाई येती ना. म्हणती, मावशी, मोकळं बसा."

"कोण बाई?"

"मला काय म्हाईत? नाव नाय सांगत ती."

असं तीनदा झालं. माझं डोकंच फिरलं. आई रस्त्यावर गेली असती म्हणजे? खाली राहणाऱ्या घरमालक काकांशी जाऊन भांडले. ते म्हणाले, "ताई, मी दिवसभर दारातच बसतो. वर कोणी जात नाही." मी तडक नवं कुलूप आणलं. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये.

कुलूप आणल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी उशीर झालेला. कुलूप लावलं, गाडी काढली. पाथर्डी फाट्याला पोचले आणि धस्स झालं... गॅसवर दूध!

गाडी कशी वळवली, किती जणांच्या शिव्या खाल्ल्या, काही आठवत नाही. जिन्यातच गॅसचा वास आला. वर धावले तर आई शेवटच्या पायरीवर बसलेली. पायात चपला, अंगावर शाल.

"बाहेर चला म्हणली ती," आई म्हणाली.

मी दाराकडे बघितलं. कडी लागलेली — आणि कडीला कुलूपही तसंच.

किल्ली दोनदा पडली, तेव्हा कुठे कुलूप उघडलं. आत दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस चालूच, खिडकी गच्च बंद. आई आत असती तर... नाही, लिहवत नाही.

कुलूप दुकानात नेऊन दाखवलं. एक ओरखडा नाही, दुकानदार म्हणाला. काकांनी कोणाला येताना-जाताना पाहिलं नव्हतं. मी सगळे हिशेब लावून थकले, उत्तर नाहीच. तुम्हाला काही सुचलं तर सांगा. भूत म्हणालात तरी आता वाद घालणार नाही.

कुलूप मी काढून टाकलं. मावसबहिणीला घोटीहून बोलावलंय, ती दिवसभर आईपाशी असते. परवा आईचे केस विंचरताना विचारलं, "आई, त्या बाईची भीती नाही गं वाटली?"

"तिची कशाला?" आई म्हणाली. "तू कुलूप लावून जिना उतरायचीस ना... तव्हा लय वाटायची."