आब्लो, आब्लास, आब्ला

काय सांगू मंडळी, माझ्याइतक्या भक्तिभावाने स्पॅनिश आजवर कुणी बोललं नसेल!

मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाला आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या, तेव्हाची गोष्ट. आमचे हेडक्लार्क नाना यांच्या मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी मला मनापासून आवडली होती. नानांची अट एकच, जावई ग्वाल्हेरातच हवा. नव्या राज्यात भोपाळला कुणाची नोकरी टिकेल याचा भरवसा काय?

अशात कळलं, परदेशी पाहुण्यांना किल्ला दाखवायला भाषा जाणणारा एक माणूस इथेच ठेवणार, आणि पहिला पाहुणा स्पॅनिश आहे. मी तडक साहेबांना सांगून आलो, मला स्पॅनिश येतं.

येतं कसलं? स्टेशनजवळच्या पडाव भागात जुन्या पुस्तकांत एक स्पॅनिशचं पुस्तक मिळालं होतं, एवढंच. त्यातलं पहिलं क्रियापद 'आब्लार', म्हणजे बोलणे. माझे वडील भिक्षुक. संस्कृतची रूपं त्यांनी मला मांडी घालायला लावून घोकून घेतलेली. मला वाटलं, भाषा अशीच शिकतात. आब्लो, आब्लास, आब्ला. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. काय बोलतो, ते पुढच्या पानांवर होतं. तिथवर मी गेलोच नाही.

पाहुणा आला. साहेब म्हणाले, "हाँ, शुरू कीजिए." नाना चष्मा पुसून पुढे सरकले. मग जे पाठ होतं तेच तोंडातून निघालं, डोळे मिटून, थेट वडिलांच्या चालीवर. आब्लामोस, आब्लाइस, आब्लान!

डोळे उघडले तर पाहुणा टोपी काढून, हात जोडून, मान वाकवून उभा. स्वतःची भाषा त्याला ओळखूसुद्धा आली नव्हती. आता समोर कुणी मान वाकवली तर आमच्या घरात काय करतात? माझा हात आपसूक त्याच्या डोक्यावर गेला. "आयुष्मान भव."

पाहुण्याने इंग्रजीत साहेबांना सांगितलं की प्रार्थना फार आवडली, आणि विचारलं की दुभाषा कधी येणार.

साहेबांनी तिथल्या तिथे मला भोपाळला जायचा हुकूम दिला. लग्न मोडलं, असंच मी धरून चाललो. खरंच रडू येत होतं.

दाराशी नानांनी गाठलं. "जा भोपाळला. मुलगी देतो मी."

"पण तुमची अट?"

"अहो, मला फिकर नोकरीची होती. पण तुमचं बरं आहे, जावईबापू. नोकरी गेली तरी भिक्षुकीवर घर चालेल."