चप्पल मागे घे

पिंपवाले काका म्हणजे करमणुकीच्या बागेत ते फिरतं लोखंडी पिंप चालवणारा माणूस. लोक हौसेनं आत शिरायचे, पिंप गरगर फिरायला लागलं की पालीसारखे भिंतीला चिकटायचे. नुसता हात उचलायचा तरी घाम फुटायचा. काकांचा जन्म गेला तो खटका ओढण्यात, किंकाळ्या ऐकण्यात आणि कुणी ओकलं की फडकं मारण्यात.

त्यांची एकुलती एक लेक लांब उडी मारायची. एके दिवशी काकांच्या डोक्यात भूत शिरलं: फिरत्या पिंपात माणूस दुप्पट जड होतो, मग पोरीनं त्या जडपणात उठाबशा काढल्या, तर बाहेर आल्यावर उडेलच की! झालं. रोज सकाळी, बाग उघडायच्या आधी, लेक पिंपात आणि काका खटक्यावर. पिंपाची भिंत बाहेर कललेली होती. वेग धरला की पोर त्या भिंतीवर पाय रोवून उभी राहायची आणि दात-ओठ खात उठाबशा काढायची. बाहेर आली की भेलकांडायची. बायको कडाडायची, "अहो, पोटची पोर आहे ती, घुसळायला ताक नाही!" पण काका कुणाचं ऐकतील तर शपथ!

आणि गंमत म्हणजे, पोरीच्या पायात खरंच जोर आला. शाळेतले खेळाचे सर आधी हसले होते, त्यांनीही तोंडात बोट घातलं. मात्र ते म्हणाले, "काका, ताकद आली, पण आता तिची पावलं लांब पडतात. पिंपात पळता कुठं येतं? तिला मैदानावर पाठवा. धाव कुठून सुरू करायची, ते नव्यानं मोजू."

ती जागा काकांनीच मोजलेली होती, पोर लहान असताना, स्वतःच्या पावलांनी. खूण म्हणून तिथं त्यांची जुनी चप्पल ठेवायची. "ती चप्पल हिला लाभलीय," काका म्हणाले, आणि मैदानाच्या वेळीही पोरीला पिंपातच घातलं. आता या हट्टाला काय म्हणावं!

निवडीचा दिवस आला. त्या दिवशी जिंकणारी मोठ्या संघात जाणार होती. लेक चपलेपासून धावली आणि अशी उडाली, की बघणारे उभे राहिले. मैदानावरची सगळ्यात लांब उडी! पण पंचानं लाल निशाण वर केलं. जिथून उडायचं त्या फळीच्या पुढं पाय पडला होता, म्हणून उडी बाद. चार बोटं, बस्स.

सर ओरडले, "चप्पल मागे घे!" पोर वाकली, चपलेला हात घातला. तेवढ्यात काका कठड्यावरून गरजले, "हलवू नकोस! घाबरलीस म्हणून चुकलीस!"

पोरीनं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा बापाकडं. ती बापाचं ऐकणारी पोर होती. तिथंच तर सगळं चुकलं.

दुसरी उडीही लांब, आणि पुन्हा लाल निशाण. तिसऱ्या वेळी भीतीनं तिनं शेवटची पावलं आखडली, आणि उडी अगदीच तोकडी पडली. हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढं पायातला जोर होता तसाच राहिला, उडीवरचं मन मात्र उडालं. काकांना वाटायचं, एकदा तरी भांडावं हिनं, वाट्टेल ते बोलावं. ती नुसता चहा पुढं ठेवायची. ते काळजाला जास्त लागायचं.

वर्षं सरली. बागेतलं पिंप भंगारात गेलं, काका घरी बसले. लेक शाळेत खेळ शिकवायला लागली. एकदा ती त्यांना मैदानावर घेऊन गेली. एक काटकुळी पोरगी धावत आली, उडाली, आणि पाय फळीच्या पुढं. पोरगी रडवेली झाली. लेकीनं वळून फक्त म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा तिला."

काका पुढं झाले. "मागे घे, बाळा. चप्पल मागे घे."

पोरगी बावरली. तिच्या खुणेला चप्पल नव्हतीच, पांढरी पट्टी होती. तिनं ती उचलून मागे लावलीसुद्धा. तरी काका म्हणतच राहिले, "मागे घे गं... मागे घे..."

लेकीनं त्यांचा हात धरला.

"ऐकलं, बाबा," ती म्हणाली.