लेकरू उचलायचं न्हाई

लेकरू तोंडावर पडलं, ताडकळसच्या बाजारात, भर रस्त्यात, अन् मी नुसती हुबी. दोन्हीकडून मोटारसायकली यायल्यात, त्याच्या ओठातून रगत यायलंय, हात वर करून ते माझ्याकडंच बघायलंय, अन् माझा हात काय पुढं जाईना. बांगड्यावाली वरडली, "अगं ए, लेकरू तुझंच हाय ना? का भाड्यानं आणलंस? उचल की." सासू मिरच्या घ्यायला पलीकडं गेली होती. वाटलं म्हणावं, मावशे, तुमीच उचला, मला उचलायचं न्हाई. पण मग ती इचारणार, का? अन् ते मी चार लोकांत कसं सांगू?

हे लेकरू होताना लय अडलं होतं. तवापसून मला लघवी धरवत न्हाई. शिंकलं तरी साडी वली. उसतोडीला गेलो तवा मोळी डोक्यावर घेतली की पायावरून वघळ. शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या बाया मी गेले की नाकाला पदर लावायच्या. नवऱ्याला लय दिवस कळू दिलं न्हाई. सासूला कळलं, धुणं ती धुती ना.

तिनंच मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, फरक न्हाई. मग डॉक्टरीणबाई म्हणल्या, एक नवा इलाज आमी तपासून बघतोय, तुझी मर्जी असंल तर. मांडीतून मासाचा इवलासा तुकडा घेतला, त्यातल्या जित्या पेशी बाहेर वाढवल्या, अन् जेल म्हणत्यात त्या चिकट लगद्यात कालवून लघवीच्या वाटंपाशी सुईनं सोडल्या. मी म्हणलं, जेल कशाला? तर म्हणल्या, "नुसत्या पेशी सोडल्या तर त्या जागेवर टिकत नाहीत. जेल त्यांना धरून ठेवतं, रुजेपर्यंत. तोवर जड काही उचलू नकोस. बाळालासुद्धा नाही." रुजतीलच असं काय सांगता येत न्हाई, हे बी त्या म्हणल्या.

तवापसून पाणी सासू आणती, शेण ती काढती. शेजारणीला सांगती, "सुनंची कंबर धरलीय." लेकरू रडत पायाला झोंबायचं, तर मी खाली बसून जवळ घ्यायची. कडेवर न्हाई.

अन् बाजारात बी मी पेशींचाच इचार करत हुबी राहिले. जातील सगळ्या, परत ती मोळी, परत त्या बाया. एक गाडी करकरत त्याच्या डोस्क्यापाशी येऊन थांबली, तवा मी वाकले. उचललं. साडी वली झाली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईनं इचारलं, "जड काही उचललंस?"

सासू लगेच, "न्हाई हो, काडी बी उचलू दिली न्हाई."

मी खाली बघून म्हणलं, "लेकरू उचललं. एकदा. पडलं होतं."

वाटलं, आता सासू बोलंल. तिनं पाठीवर हात ठिवला. "पडल्यावर उचलणारच की माय. आई हाय ती, तिला दम निघतोय का?"

"खरंय," डॉक्टरीणबाई म्हणल्या. अजून फरक न्हाई म्हणून लिहून घेतलं, पुढं बघू म्हणल्या.

दम निघाला होता ना मला. गाडी थांबुस्तोवर निघाला होता. ते सांगायला तोंड उघडलं न्हाई.

आता लेकरू पडलं की आजीकडं हात करतंय. माझ्याकडं बघत बी न्हाई. तुमी आया असाल तर खरं सांगा, तुमी तवाच वाकला असता का?